तपासणाऱ्याची सही

सत्यभामाबाईंनी सातवीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा हेडमास्तरांच्या टेबलावर असा आपटला, की दौतीतली लाल शाई हिंदकळून बाहेर आली. कांचघरच्या घरापासून ओमतीच्या शाळेपर्यंत त्या मार्चच्या उन्हात पायी आल्या होत्या, एका हाताला नऊ वर्षांची शरयू आणि दुसऱ्या काखेत हा गठ्ठा. राग वाटेत निवला नव्हता, चांगला उकळला होता.

"हे पेपर माझ्या घरी काहून आले, मास्तर?"

भाऊराव हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अहो वहिनी, पोरगी हुशार आहे. जराशी मदत करून राहिली शाळेला."

"तीन महिने झाले, मदतच करून राहिली! दिवसा तिसरीत बसून बेरजा लिहिते, संध्याकाळी सातवीची गणितं तपासते. दिवाळीत मी तुमच्यापुढे हात जोडले, की हिला वरच्या वर्गात बसवा, हिचा जीव उबगला तिथं. तेव्हा काय म्हणाले तुम्ही?"

"सरकारी नियम आहे जी. सातवीला वय भरावं लागतं." मास्तर भिंतीवरच्या पंचम जॉर्जच्या तसबिरीकडे पाहत म्हणाले. "आणि मुलीच्या जातीला एवढी घाई काय?"

"म्हणजे बाकावर बसायला लहान, आणि तुमचं काम उपसायला मोठी?"

उद्या नागपूरहून इन्स्पेक्टर साहेब यायचे होते आणि हे सगळे पेपर त्यांच्यापुढे ठेवायचे होते. मास्तरांनी वरचा पेपर उचलला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शरयू, हे काय? हौदाच्या गणिताचं उत्तर तीन तास. यानं चार लिहिलं आणि तू बरोबरची खूण केली?"

शरयू आईच्या पदराआडून पुढे आली. "चारच होतात, मास्तर. एका नळानं सहा तास, दुसऱ्यानं बारा. मग दोन्ही मिळून चार. पुस्तकात चुकलंय. ज्यांनी तीन लिहिलं, त्यांचे मार्क मी कापले."

मास्तरांनी टिपकागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. दहा वर्षं ते तीन शिकवत आले होते. शरयू त्यांच्या टाकाकडे बघत पायाचा अंगठा फरशीवर घासत उभी राहिली. एवढा वेळ कशाला लागतो, हे तिला खरंच कळत नव्हतं.

"चार," शेवटी ते पुटपुटले आणि त्यांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला. "अच्छा! बरं झालं, साहेबांपुढे फजितीच झाली असती. शाबास पोरी. चलो, आता आपल्या वर्गात जाऊन बस. पाढे सुरू झाले असतील."

सत्यभामाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. ह्या माणसाला लाज म्हणून नव्हतीच.

"थांब गं," त्या शरयूला म्हणाल्या, आणि मास्तरांच्या हातातला टाक त्यांनी सरळ ओढून घेतला. परक्या पुरुषाच्या हातून काही हिसकावण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. टाक लाल शाईत बुडवून त्यांनी लेकीच्या हातात दिला. पेपराच्या तळाशी 'तपासणाऱ्याची सही' असं छापलेलं होतं आणि पुढची जागा कोरी होती. तिथं त्यांनी बोट ठेवलं.

"लिही इथं तुझं नाव."

"अहो वहिनी, काय करता! उद्या साहेब वाचतील ते!"

"वाचू द्या ना जी."

शरयूनं जीभ दातांत धरून वळणदार अक्षरांत नाव लिहिलं. मग कुणी सांगितलं नसताना त्याच्यापुढे लिहिलं, 'इयत्ता तिसरी'.

सत्यभामाबाईंनी दुसरा पेपर तिच्यापुढे सरकवला.