जिन्याखालचा वर्ग

जिन्याखालच्या अडगळीत बाई वाचनात कच्च्या पोरांचा वर्ग घ्यायच्या. वाचताना पोर अडखळलं की बाई बाकावर बोटांनी ठेका धरायच्या, आणि त्या तालावर घशात अडकलेले शब्द आपसूक सुटून यायचे. यंदा तर त्यांची झाडून सगळी पोरं घडाघडा वाचत पास झाली. त्यामुळे हेडसरांनी बोलावलं तेव्हा बाई हरखूनच गेल्या.

"कमाल केलीत बाई तुम्ही," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "पण शाळेचा पैसा आटत चाललाय. वरचे म्हणतात, कच्चं पोर एकही उरलं नाही, मग वेगळा वर्ग हवाय कशाला? बंद करा."

"अहो सर, पण पुढच्या वर्षी नवी पोरं येतील, त्यांचं काय?"

"ती आधी नापास होऊ देत. मग मागता येईल."

बाई जिन्याखाली आल्या आणि डोळे पुसत बाकं आवरू लागल्या. त्यांची सगळ्यात उशिरा वाचायला लागलेली पोरगी हेडसरांच्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती मागोमाग आली.

"रडू नका ना बाई. मी परत कच्ची होते की!"

"वेडी का गं तू?"

"खरंच. बघा तर."

तिने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच ओळीला इतकी हुबेहूब अडखळली, की बाईंची बोटं सवयीने बाकावर ठेका धरू लागली.