काचवाल्याची सही

"कुठे करायची सही?" काचवाल्याने विचारलं.

त्याच्या आधीच्या बायकोने अजून फाइल नीट उघडलीही नव्हती. 'भिंगरीच्या व्हिसासाठी तुझी परवानगी लागते' एवढंच काय ते बोलली होती, आणि हा पठ्ठ्या खिशातलं पेन काढून तयार! बाहेर त्यांची आठ वर्षांची लेक, भिंगरी, दुकानाकडे पाठ करून बसली होती. फुटपाथवरच्या झाडाला टेकवून ठेवलेला मोठा आरसा ती वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत होती. दर रविवारी बापाकडे आली की हे काम तिचं. दुकानाचं काचेचं दार आईने आल्या आल्या मुद्दाम ओढून घेतलं होतं. भांडण होणार हे नक्की होतं, आणि ते पोरीच्या कानावर जायला नको होतं.

गेले चार महिने ती त्या भांडणाचीच तयारी करत होती. तिच्या दुसऱ्या नवऱ्याला परदेशात नोकरी लागली होती. तिथे घरापुढे अंगण, शाळा चालत जाण्याइतकी जवळ, आणि माणूस पाचच्या ठोक्याला घरी. या लग्नातल्या धाकट्या मुलाची छाती इथल्या धुराने वर्षभर घरघरत होती, तीही तिथे मोकळी होईल असं डॉक्टर म्हणाले होते. तिकिटं काढून झाली, फ्रिज विकून झाला, घरमालकाला सांगून झालं. घोडं अडलं होतं ते एका कागदापाशी. सख्ख्या बापाच्या सहीशिवाय भिंगरीला देश सोडता येत नव्हता.

"पोरीचा प्रश्न आला की भलेभले हट्टाला पेटतात हं," वकीलबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. न्हाणीघरात नळ सोडून ती एकटीच बोलत बसायची. तो असं म्हणाला की मी तसं म्हणेन, तो ओरडला की मी रडेन. त्याची वाक्यंसुद्धा तिने पाठ केली होती.

भिंगरीला मात्र कसली काळजीच नव्हती. सकाळी वेणी घालताना म्हणाली, "बाबा सही करणारच नाही, बघ तू. मला सोडेल का तो?" आणि दुसरी रिबीन आईच्या हातात दिली.

"इथे कर," ती आता म्हणाली. "आणि मागच्या पानावर. पण आधी वाच तरी!"

"वाचायचं काय त्यात? तू विचार करूनच आणलं असशील." त्याने दोन्हीकडे सही ठोकली. "शिक्का लागतो का दुकानाचा?"

शिक्का म्हणे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. संसारातही हे असंच. तू म्हणशील तसं, तुला हवं ते. घटस्फोट हवा म्हणाली तेव्हाही 'बरं' म्हणून हा काच कापायला उठून गेला होता. तसा वाईट नव्हता हो. दारू नाही, मारझोड नाही. पण कशासाठी म्हणून कधी भांडला नाही, तिच्यासाठीसुद्धा नाही. निदान पोरीसाठी तरी भांडेल, याची तिला चार महिने धास्ती होती. आता फाइल बंद करताना तिच्या लक्षात आलं, की आपण त्या भांडणाची वाटही पाहत होतो.

"एकदा तरी नाही म्हणायचं होतंस रे," ती म्हणाली.

काचवाल्याने वर पाहिलं. "म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग?" त्याने फूटपट्टी काचेवर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. "अजून तीन रविवार आहेत ना? पाठव तिला."

ती बाहेर आली. भिंगरीने बोळा टाकला, हात फ्रॉकला पुसले आणि काचेतून बापाला नेहमीसारखा टाटा केला. स्कूटरपाशी आल्यावर पोरीने विचारलं.

"केली?"

"केली."

"लगेच?"

घटस्फोटानंतरच्या चार वर्षांत या माणसाबद्दल आईने पोरीपुढे एक बरा शब्द काढला नव्हता. आता तिच्या तोंडून भसाभसा शब्द बाहेर पडले.

"लगेच कसली! तीनदा नाही म्हणाला. फाइल ढकलूनच दिली. म्हणाला, माझी पोर आहे ती, मी तिला कुठ्ठे पाठवणार नाही, काय करायचं ते कर. मी हातापाया पडले गं त्याच्या, रडले, तेव्हा कुठे त्याने पेन हातात घेतलं."

न्हाणीघरात घोकलेलं सगळं कामी आलं. कुठे अडखळली नाही ती.

भिंगरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मागच्या सीटवर चढली आणि आईच्या कमरेला हातांचा विळखा घातला.

"आई, मी पुसत होते ना, त्या आरशात आतलं सगळं दिसत होतं."

किल्ली आईच्या हातातच राहिली. मागे वळून पाहायचीही तिची हिंमत झाली नाही.

भिंगरीने तिच्या पाठीवर गाल टेकला.

"पण तो तीनदा नाही म्हणाला ना, ते परत सांग."