दोनदा सांगितलं

टेबलावर कॉफीचे तीन कप होते, रूबार्बच्या आंबट देठांच्या केकचे आठ तुकडे, रक्तदाब मोजायचं यंत्र, एक पिवळी वही आणि ऑरिनचा नळीचा पेला. वही पाहुण्यांची होती. खुर्च्या चार. चौथी ऑरिनची, चाकांची.

पाहुणे दोघे. फेडरल सरकारच्या वकीलबाई दुलुथहून आल्या होत्या. सोबतचा तपासनीस कोनराड जेमतेम तिशीचा. कागद गिरणीने नदीत काय सोडलं आणि कागदावर काय दाखवलं, याची चौकशी चालू होती. ऑरिनची बायको व्हर्ला त्याच गिरणीच्या ऑफिसात पाण्याच्या नोंदी टाइप करायची.

कॉफी विचारली तेव्हा कोनराड नको म्हणाला. पुन्हा विचारली, तर कशाला त्रास म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने कप पुढे केला. या भागात पहिले दोन नकार कोणी मनावर घेत नाही. व्हर्ला खूश झाली. आईने चांगलं वळण लावलंय हो तुला, म्हणाली.

मग कोनराडने सांगितलं की, आमच्याशी बोलायची सक्ती नाही. व्हर्लाने नुसता हात झटकला. तो म्हणाला, वकील सोबत हवा असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी येऊ.

"वकील कशाला रे बाबा? केक गरम आहे तोवर घे."

ऑरिन तिसऱ्यांदाची वाट पाहत राहिला. कोनराडने वही उघडली.

ऑरिन बावीस वर्षं दुलुथच्या फेडरल कोर्टात दारावर पहारेकरी म्हणून उभा होता. मूळ गुन्ह्यातून सुटलेली, पण तपासनिसाशी खोटं बोलली म्हणून आत गेलेली माणसं त्याने पाहिली होती. त्या गुन्ह्याला शपथ लागत नाही, सही लागत नाही. स्वयंपाकघरात बोललेलं एक वाक्य पुरतं. पण मार्चमधल्या पक्षाघाताच्या झटक्यापासून त्याच्या तोंडून 'आ' सोडून काही निघत नव्हतं, आणि उजवा हात मांडीवर पडून असायचा.

सुरुवातीला व्हर्ला खरं तेच सांगत होती. आकडे कोण द्यायचं, कागद कुठे ठेवायचे. मग वकीलबाईंनी विचारलं, रविवारी हार्लनचा फोन आला होता का?

हार्लन गिरणीचा मॅनेजर, पलीकडच्याच घरातला. अख्खा हिवाळा त्याने यांच्या दारातला बर्फ उपसला होता. रविवारी संध्याकाळी सातला त्याचा फोन आला तेव्हा ऑरिन शेजारीच होता. ऑरिन नीट जेवतो का, असं त्याने विचारलं होतं, आणि कोणी आलं तर खरं काय ते सांग म्हणाला होता. एवढंच.

व्हर्लाने खिडकीतून हार्लनच्या घराकडे पाहिलं.

ऑरिनने डावा हात ताणला आणि पेला ढकलला. कॉफी वहीपर्यंत वाहत गेली. आज याचा हात जरा सुटलाय, म्हणत व्हर्लाने फडकं आणलं. कोपऱ्यापर्यंत पुसून घेतलं. वकीलबाई थांबल्या होत्या.

"सावकाश, मिसेस ब्रेक्के. फोन आला होता का?"

"नाही. हार्लन आणि मी चर्चमध्ये भेटतो तेवढंच."

कोनराडने लिहून घेतलं.

"आ," ऑरिन म्हणाला. "आ. आ."

"त्याला केक हवाय," व्हर्ला म्हणाली, आणि एक घास त्याच्या तोंडात भरवला.

पाहुणे निघताना व्हर्लाने दोन तुकडे कागदात बांधले. कोनराड नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदाही नकोच म्हणाला. नियम आहे, म्हणाला.

दार लावून व्हर्ला आत आली. किती साधी माणसं, आपण उगाच घाबरलो, असं म्हणत तिने ऑरिनच्या दंडाला पट्टा बांधला आणि बटण दाबलं. मग त्याच्या रक्तदाबाच्या तक्त्यात कालच्या ओळीखाली आजची ओळ लिहिली:

सोमवार, सकाळी १०:४० – १३४/८२.
मंगळवार, सकाळी १०:४० – १९२/११०.