पेन्सिलीतला गुन्हेगार

धाकटा बत्तिसाव्या पानावर पोचला, आणि ताईला कळलं की पुढची चार पानं काही आपल्याला सुखानं बसू देणार नाहीत. ती टेबलाच्या पलीकडे बसून टोक असलेल्याच पेन्सिलीला पुन्हा टोक काढत होती.

दोघा बहीणभावांची पद्धत ठरलेली. गोष्ट धाकट्यानं सुचवायची. चित्रं ताईनं पेन्सिलीनं काढायची आणि बोलण्याचे फुगे रिकामे सोडायचे. मग धाकट्यानं येऊन फुग्यांत शाईनं शब्द भरायचे. ते वाळले की ताई चित्रं शाईत पक्की करायची. मधे कुणी कुणाला काही विचारायचं नाही. अशा दहा चित्रकादंबऱ्या झाल्या होत्या, आणि दहाही पुस्तकांत एक मोठी बहीण नि तिचा चिमुरडा भाऊ भल्याभल्या चोरांना पकडत. मुलं ती पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचत.

अकराव्याची गोष्ट धाकट्यानं कुठून आणली, ते मात्र ताईनं पहिल्याच ओळीला ओळखलं. गच्चीचा नवा लोखंडी कठडा. संध्याकाळी त्याला टेकून उभे राहिलेले वडील. खाली फरशी. आणि शेवटच्या पानासाठी त्यानं एवढंच लिहिलं होतं : 'गुन्हेगार तू काढ. तुला माहीत आहे.'

माहीत होतंच तिला. तीस वर्षांपूर्वी मिस्त्रीनं कठडा उभा केला आणि नट नुसते हातानं फिरवून ठेवले. पान्यानं आवळायला तो सकाळी येणार होता. दुपारी पाच वर्षांच्या धाकट्यानं त्यातले चार नट काढले आणि आपल्या पुठ्ठ्याच्या गाडीला चाकं म्हणून लावले. संध्याकाळी बाबा कठड्यासकट खाली पडून गेले. घरात रडारड चालली असताना बारा वर्षांच्या ताईला ती गाडी पलंगाखाली सापडली. तिनं नट गटारात टाकले, गाडी फाडून केरात टाकली आणि तोंडाला कुलूप घातलं. दोष मिस्त्रीवर आला. त्याला कुणी काम देईना, तेव्हा तो बायकापोरांना घेऊन कुठंतरी निघून गेला. त्याचं ताईला अजून वाईट वाटे. पण धाकटा सगळं विसरला होता, गाडीसुद्धा. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं स्वतःला बजावत तिनं तीस वर्षं काढली.

आणि आता हा पठ्ठ्या स्वतःच्याच मागावर निघाला होता. स्कूटरखाली मांजराचं पिल्लू आलं म्हणून आठ दिवस धड जेवला नव्हता हा माणूस. बाबा कुणामुळे गेले हे कळलं, तर तो जगायचा कसा? म्हणून ताईनं शेवटच्या चौकटीत नट काढणारे हात मोठ्या बहिणीचे काढले होते. चेहराही तिचाच. पकडायचंच असेल तर मला पकड, म्हणावं.

तेहतीस. चौतीस. एरवी धाकटा संवाद मोठ्यानं म्हणून बघायचा, चोराचा आवाज काढून ताईला हसवायचा. आज नुसती निब कागदावर कुरकुरत होती. पस्तिसाव्या पानावर त्यानं एक शब्द लिहायला फार वेळ लावला. तो शब्द काय होता, ते बघायचं ताईला धाडस होईना.

शेवटचं पान उलटून तो बघत राहिला. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मी बघितलं ते खरंच होतं," तो म्हणाला.

"काय बघितलंस?"

"तुला. गटारापाशी. एकेक नट टाकत होतीस आणि रडत होतीस. त्या दिवसातलं मला तेवढंच आठवतं, ताई. कुणाला बोललो नाही कधी. बायकोलासुद्धा नाही."

तीस वर्षं ताई याच्यावर पांघरूण घालत होती, आणि हा तिच्यावर. हसावं की रडावं, तेच तिला समजेना.

"मुद्दाम केलं होतंस का?" त्यानं विचारलं. उत्तराला तो भीत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नाही रे. गाडीला चाकं हवी होती. तुझ्या."

यात खोटं काहीच नव्हतं.

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "एवढंच? आणि एवढ्यासाठी तू जन्मभर जळत राहिलीस? अगं, लहान पोराला काय कळतंय, नट कशाला नि कठडा कशाला? चमकताना दिसलं, घेतलं. यात गुन्हा कसला? त्या पोराला दोष देणारा माणूस वेडाच म्हणायचा. मी तर नाही देणार. कधीच नाही."

ताईनं ते पान त्याच्यासमोर नीट सरळ केलं. चौकटीतला शेवटचा फुगा अजून रिकामा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"आत्ता बोललास ना, ते सगळं इथं लिही," ती म्हणाली. "एक शब्द बदलू नकोस. शाई वाळली, की नट काढणारे हात खरे कुणाचे होते, ते मी काढते."