दह्याचं गाडगं

"नव्या चपला घेतल्या त्या हातात मिरवायला व्हय गं? पायात घाल की!"

टेम्पोतून उतरल्या उतरल्या बजाबाईंनी सुनेला धारेवर धरलं. केरा चपला हातात घेऊन, मुरमाच्या वाटेनं अनवाणीच तलावाच्या बांधाकडं निघाली होती. ना काटा बघायचा, ना खडा. सोलापूरच्या भवानी पेठेतली सून म्हणून काही शोभा नको का? चार माणसांत सासूची मान खाली घालायची ही हिची खोडच.

तशी माणसं मोजून चारच होती. बजाबाई, मुलगा रामहरी, सून केरा, आणि अकलूजहून पाहुण्या आलेल्या सोनाबाई, म्हणजे बजाबाईंची नणंद. त्यांना तलाव दाखवायचा हट्ट बजाबाईंचाच. रामहरीनं गिरणीतल्या दोस्ताचा टेम्पो मागून आणला होता.

तलाव काठोकाठ भरलेला. पल्याड बाभळीचं जुनं रान, अल्याड वनखात्यानं लावलेले करंज आणि लिंब, आता माणसाच्या डोक्यावर गेलेले. पाणकावळे बुडी मारायचे ते भलतीकडंच वर यायचे. सोलापूरच्या उन्हाला सरावलेले डोळे एवढं हिरवं बघून निवले.

"दुष्काळात खणलाय हा तलाव, आत्या," रामहरी म्हणाला. "पाच-सहा वर्षांत बघा कसं रान झालंय."

"म्हंजे खडी फोडणाऱ्या बायांनी खणला म्हण की." सोनाबाईंनी नाक मुरडलं. "आमच्याकडं कालवा व्हता बाई. आमच्या बायांनी उंबरा वलांडला न्हाय."

"आमच्या बी न्हाय," बजाबाई ताडकन म्हणाल्या. "गिरणी बंद पडली तवा मी भावाकडं जाऊन ऱ्हायले, पर मुरूम वाहिलेली बाई आमच्या घरात न्हाय."

"आय मामाकडनं कसलं गोड पीठ आणायची!" रामहरी हसला. "तसं पुन्हा खाल्लं न्हाई."

"तुला खाल्लेलंच तेवढं बरं आठवतं."

मुरूम वाहिलेली बाई आमच्या घरात नाही. लग्न झाल्यापासून केरानं हे पन्नासदा तरी ऐकलं असेल. दर वेळी ती हातातलं काम घेऊन आत सटकायची. कारण याच बांधावर तिनं उन्हाळाभर मुरूम वाहिला होता. तिच्या माहेरच्या, मैंदर्गीच्या बाया ट्रकनं यायच्या, धुळीपासून वाचायला तोंडाला पदर बांधायच्या, रांग करून पाट्या वर सारायच्या, आणि संध्याकाळी मजुरीबरोबर सुकडीचं गोड पीठ पदरात बांधून न्यायच्या. पुढं लग्न ठरलं तेव्हा बापानं बजावलं होतं, सासरी हे बोलायचं नाही. सोलापूरच्या एवढ्या मानी बाईनं आपल्या कोरडवाहू घरात आपणहून मागणी कशी घातली, हे बापालाही कळलं नव्हतं. आता सोनाबाईंना वास लागला तर आठ दिवसांत भावकीभर होणार. मग बजाबाई घरात ठेवतील?

बांधाचा चढ उभा होता. सामान वर द्यायला रामहरी खाली टेम्पोपाशी राहिला, मधे केरा, तिच्या वर बजाबाई, आणि सगळ्यात वर करंजाखाली सोनाबाई. धपाट्यांची दुरडी आली, शेंगाचटणीचा डबा आला, पाण्याची कळशी आली. केरा पाय न हलवता कमरेतून वळायची, खालून घ्यायची, वर द्यायची. बघावंही लागत नव्हतं. वस्तू गेली की हात रिकामे.

शेवटी दह्याचं गाडगं आलं. ते सोनाबाईंच्या हातून निसटलं आणि करंजाच्या बुंध्याशी फुटलं.

"आगं, इतक्या भराभरा कोण देतं?" सोनाबाई लुगडं झटकत ओरडल्या. मग थांबल्या. केराच्या हाताकडं बघितलं, मग अनवाणी पायांकडं. "कुटं शिकलीस गं असं द्यायला?"

केरा खापऱ्या वेचायला वर धावली.

"मैंदर्गी हितनं लांब न्हाय. दुष्काळात काय करत व्हतीस तू?"

"मामाकडं व्हती ती," बजाबाई मधेच बोलल्या. "तिच्या बापानं सांगितलंय मला. वन्सं, दही सांडलं तुमी आन् जाब तिला व्हय? बसा, धपाटं गार व्हतंय."

केरानं चमकून सासूकडं बघितलं. तिला मामाच नव्हता.

जेवण मात्र झकास झालं. धपाटी, शेंगाचटणी, कांदा, वर गुळाचा खडा. रामहरी टेम्पोच्या चाकाची फुगवलेली ट्यूब घेऊन पाण्यात उतरला आणि पोरासारखा ओरडत पल्याड जाऊन आला. वारा पाण्यावरनं यायचा तो गारच. सोनाबाई दोनदा म्हणाल्या, आमच्या अकलूजला सगळं हाय, पर असं रान न्हाय बाई. आणि पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या. केरानं अर्धं धपाटं तसंच दुरडीत ठेवलं.

ती काठावर भांडी घासायला बसली. मागून बजाबाई आल्या आणि शेजारच्या दगडावर टेकल्या.

"आत्याबाई, चुकलं माझं. मी सांगणार व्हते, पर..."

"गप." बजाबाईंनी वळून करंजाखाली बघितलं. सोनाबाई घोरत होत्या. मग त्यांनी केराच्या हातातली कळशी काढून घेतली, खळखळून विसळली आणि पालथी घातली.

"चपला घाल आदी. आन् परत चार माणसांत असं कमरेतनं वळून कुणाला काय द्यायचं न्हाय, मला बी सवय मोडाय लई दिस लागलं. त्या उन्हाळ्यात रांगेत तुझ्या वरच्या अंगाला तोंड बांधून मीच उभी व्हते. तुझ्या हातनं एक पाटी सांडली न्हाय, म्हणून तर तुला मागणी घातली."