मोगऱ्याचं हिरवं दूध

वेणूबाईने तिसरा घोट घेतला आणि डोळे मिटून गिळला. तापात तिने काडेचिराईतसुद्धा प्यायलं होतं, पण आपण काय पितोय हे तेव्हा निदान ठाऊक होतं.

"बोल ना आई. कसं झालंय?" सोनलने विचारलं.

"हिरवं झालंय."

"रंग मलाही दिसतो. चव सांग."

तीच तर पंचाईत होती. माचा लाटे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचं दूध, कसा लागायला हवा हे जिला ठाऊक होतं, तिला चव कळत नव्हती. आणि जिला चव कळत होती, तिने बापजन्मी माचा पाहिला नव्हता. आंधळ्या-लंगड्याची जोडी, दुसरं काय!

सोनल चार वर्षं वाशीच्या एका कॅफेत कॉफी आणि असली रंगीत पेयं करायची. डिसेंबरात तापाने पडली. ताप गेला, पण जाताना नाकाचा वास आणि जिभेची चव घेऊन गेला. नासलेलं दूध दोनदा गिऱ्हाइकांपुढे गेलं, तेव्हा मालकाने हात जोडले. ती दिघीला आईबापाकडे परत आली. इथे तर आणखी कठीण. कोळ्याची पोर, आणि कल्ला उघडून नाकाशी धरला तरी मासळी ताजी की शिळी ते सांगता येईना. एकदा तिने शिळ्या सुरमईचं कालवण केलं आणि सगळं घर आडवं झालं. तेव्हापासून वेणूबाईने तिच्या हाती मासळी दिली नाही. काळजीपोटीच दिली नाही, पण पोरीला ते फार लागलं. त्या दिवसापासून ती घरात पाहुण्यासारखी वावरत होती.

आता हरिहरेश्वरला एक नवं रिसॉर्ट उघडणार होतं. त्याचे मालक हर्षदशेठ अकराच्या फेरीबोटीने आगरदांड्याहून येणार होते. वाटेत इथे थांबून सोनलच्या हातचं एक पेय पिणार आणि तिथलं पेयांचं काउंटर तिला द्यायचं की नाही ते ठरवणार. नाकाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"कशासारखं लागतं, आठवून सांग," सोनल म्हणाली.

वेणूबाईने जीभ टाळूला लावली. सांगावं की नाही? पोरीने ती मेंदीसारखी पूड दोनदा चाळली होती. उकळीच्या आधीच उतरवलेल्या पाण्यात, दाढीच्या ब्रशासारख्या बांबूच्या कुंच्याने हात दुखेपर्यंत घोटली होती. कालपासून मोगऱ्याच्या पाकळ्या साखरेच्या पाकात मुरवल्या होत्या. मोगरा देवाला वाहायचा नाहीतर केसांत माळायचा. तो दुधात घालायचा, हे वेणूबाईने आजच ऐकलं.

"खरं सांग आई. माझी शपथ हाय."

"शेवाळ," वेणूबाई चाचरत म्हणाली. "ओहोटीला खडकावर दिसतं ना, तसलं. वर थोडं गवत. मागाहून मोगरा."

सोनलने टाळीच वाजवली. "बरोबर! अगदी असंच पाहिजे!"

"आणि नुसतं गोड लागलं असतं तर?"

"तर बिघडलं असतं."

वेणूबाई पार चक्रावली. शहरातली माणसं पंख्याखाली बसून हौसेने शेवाळ पितात, हे तिच्या काही केल्या डोक्यात शिरेना. पण लेक हसत होती. हिरवं तर हिरवं, असं म्हणून तिने तोंड पुसलं.

तेवढ्यात धक्क्यावर भोंगा वाजला. फेरीबोट लागली होती. सोनलने शेठसाठी ग्लास मांडला, फ्रीज उघडला आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून वीज नव्हती. बर्फाचं पाणी झालं होतं.

"तू घोट तुझं गवत. मी आणते बर्फ," म्हणत वेणूबाई मागच्या दाराने निघाली.

पाच मिनिटांत ती पातेलंभर बर्फ घेऊन आली. तीन पाण्यांनी धुतला, बत्त्याने फोडला. सोनल घोटण्यात गुंग होती. तिने खाली पाक ओतला, वर बर्फ, बर्फावर दूध आणि सगळ्यात वर हिरवा फेस. वेणूबाईने चमचाभर चाखून पाहिलं.

"तेच. शेवाळ, गवत, मोगरा. एक नंबर!"

दाराशी गाडी थांबली. सोनलने ग्लास पुसला आणि नाकाशी नेला. गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी ती नेहमी असंच करायची. वास गेला तरी हाताची सवय गेली नव्हती.

तिचा हात तिथेच थांबला.

"आई, बर्फ कुठला?"

"कुठला म्हंजे? तुझ्या बाबाच्या होडीवरच्या पेटीतला. चांगला तीनदा धुतलाय."

"याला मांदेलीचा वास येतोय."

वेणूबाईचा चेहरा खर्रकन उतरला. पेटीत मांदेलीच होती. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि आपण बर्फ मासळीतला आणला! पण सोनल तर सकाळपासून किनाऱ्याकडे फिरकली नव्हती. मग हिला कसं कळलं? गोंधळून तिने ग्लास ओढून घेतला आणि हुंगला. दूध होतं, मोगरा होता. पुन्हा हुंगला. तीस वर्षं मासळीच्या पाट्यांत गेलेल्या त्या नाकाला मासळीचा वास केव्हाच वेगळा जाणवेनासा झाला होता.

"न्हाय गो," ती म्हणाली. "कायबी येत न्हाय. मला तर न्हाय येत."

"सोनल इथेच राहतात ना?" बाहेरून हर्षदशेठची हाक आली.

सोनलने दोन्ही हातांनी ग्लास परत घेतला. छाती भरून श्वास ओढला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मला येतोय, आई."