चुकून

अमेरिकेतल्या त्या बंदुकांच्या दुकानात पिस्तूल हातात आल्यापासून संग्रामचं बोट तिसऱ्यांदा चापावर गेलं होतं. त्याची बायको नेत्रा मोजत होती.

"सर, बोट बाहेर," दुकानदार पुन्हा म्हणाला.

"चुकून गेलं," संग्राम हसला. सहा महिने व्हिडिओ बघून तो तज्ज्ञ झाला होता. "पहिली गन नाइन एमएमच घ्यायची गं, गोळ्या कुठेही मिळतात. तुला काय कळणार यातलं!"

गेल्या वर्षी त्याने गाडीच्या दारात लेकीची, आन्याची, दोन बोटं चेचली, तीही चुकूनच. तेव्हा नेत्रा गप्प बसली होती.

कुलपाची पेटी दाखवत दुकानदाराने विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"आम्ही तिघं. मी, ही आणि आमची मुलगी."

"एकटाच," नेत्रा शांतपणे म्हणाली. "आजपासून हा एकटाच राहणार आहे."